हीलर घाबरते म्हणून गट हरतोय? पाच जणांच्या एका गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा इंटरनेटवर खेळायचा संगणकीय खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यातल्या डन्जनचा (शत्रूंनी भरलेल्या, गटाने पार करायच्या जागेचा) गट पाच जणांचा असतो: एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस. टँकने शत्रूंना आपल्या अंगावर ओढून घ्यायचं, हीलरने सगळ्यांना जिवंत ठेवायचं, बाकी तिघांनी शत्रू मारायचे. २०१६ च्या लीजन या विस्तारात मिथिक प्लस हा डन्जन खेळायचा प्रकार आला आणि या साध्या कामवाटपाला घड्याळ लागलं. एक कीस्टोन असतो, त्यावर पातळीचा आकडा असतो. ठरलेल्या वेळेत डन्जन संपवलं तर आकडा चढतो, नाही संपवलं तर उतरतो. कुणी मेलं की घड्याळातले सेकंद कापले जातात. हा गट ज्या पातळीवर खेळत होता तिथे प्रत्येक मृत्यूमागे ५ सेकंद. रागाला कारण म्हणून ५ सेकंद पुष्कळ होतात.

हे प्रकरण अशाच एका गटाचं आहे. पाचही जण आधीपासून एकमेकांचे ओळखीचे. टँक वयाने सगळ्यांत मोठा. बाकीच्यांना या खेळात त्यानेच आणलं, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. तो वॉरियर हे पात्र खेळायचा. हीलरकडे रेस्टोरेशन ड्रुइड, म्हणजे ड्रुइड या पात्राचा हील करणारा (जखमा भरणारा) प्रकार. डीपीएसमध्ये एक हंटर, एक शमन, एक वॉरलॉक. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत; माणसांना त्यांच्या भूमिकेच्याच नावाने हाक मारली आहे. हे लिहायला आपली हरकत नसल्याचं पाचही जणांनी कळवलं आहे. वॉरलॉकने जरा उशिरा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हीलरने ही भूमिका निवडलेली नव्हती. ती पूर्वी बॅलन्स ड्रुइड, म्हणजे लांबून मंत्र मारणारी डीपीएस खेळायची आणि चांगली खेळायची. आधीचा हीलर खेळ सोडून गेला तेव्हा दादा म्हणाला, "ड्रुइडला हील येतंच की, तूच कर आता." कुणीतरी करायलाच हवं म्हणून ती हो म्हणाली. असे कितीतरी हीलर आणि टँक मी पाहिले आहेत. डीपीएसला गट मिळायला वाट पाहावी लागते आणि हीलर-टँकला लगेच बोलावणं येतं, ते याचमुळे. या दोन जागांवर स्वखुशीने बसणारे कमी असतात.

अडचण

पाचव्या पातळीपर्यंत गटाचं बरं चाललं होतं. त्या पातळीला शत्रूंचा मार हलका असतो, चुका पोटात घातल्या जातात. सातवीला गाडी अडली. आठवडे गेले तरी तेच. कधी वेळ संपायची, कधी सगळे मरायचे (खेळाडूंच्या भाषेत वाइप), आणि कधी अर्ध्यातच कुणीतरी म्हणायचं, "सोडून देऊ या."

हंटर आपला पडदा आवाजासकट रेकॉर्ड करायचा. त्यातले दहा-पंधरा सेकंद इथे सविस्तर सांगतो, कारण सगळी अडचण त्यात सापडते.

दादा एका बोळातून वळतो आणि शत्रूंच्या दोन टोळ्या एकदम ओढतो. सात-आठ शत्रू, त्यातले तीन मंत्र टाकणारे. वळल्यामुळे तो खांबाआड जातो. हीलरच्या पडद्यावर पाच जणांच्या जिवाच्या पाच पट्ट्या आहेत. दादाची पट्टी एका फटक्यात अर्ध्यावर येते. ती हील दाबते. खेळ लाल अक्षरांत सांगतो की लक्ष्य नजरेच्या रेषेत नाही. हीलची पोच ४० यार्डांची असली तरी मध्ये भिंत किंवा खांब चालत नाही. ती खांबाला वळसा घालायला धावते. तेवढ्यात वॉरलॉकवर लागोपाठ दोन बोल्ट, म्हणजे शत्रूंच्या मंत्रांचे फटके, आदळतात. तो जमिनीवरच्या हिरव्या डबक्यातही उभा आहे आणि हललेला नाही. त्याची पट्टी दादापेक्षा खाली जाते. ती थांबते, वॉरलॉकवर रीग्रोथ ही हील टाकते. दीड सेकंदाचा मंत्र. तो पुरा होतो तोवर दादाची पट्टी रिकामी झालेली असते.

मग व्हॉइसवर (खेळताना चालू असलेल्या बोलण्याच्या कॉलवर) दादाचा आवाज येतो, चढलेला नाही, नुसताच प्रश्नार्थक: "हील?"

आणि तिचं उत्तर: "सॉरी सॉरी, माझंच."

हा संवाद रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा पुन्हा येतो. दादाला त्यात काही लागट वाटत नव्हतं. तो खरोखर विचारत होता की हील का आली नाही, कारण खांबामागून त्याला ते दिसतच नव्हतं. तिला मात्र तो प्रश्न वाटत नव्हता.

हळूहळू तिच्या खेळण्यात तीन बदल झाले. ती कुणाचीही पट्टी जराशी हलली तरी हील टाकायला लागली, त्यामुळे निम्मी हील भरलेल्या पट्टीवर वाया जाऊन खरी गरज पडेपर्यंत माना (मंत्रांना लागणारी शक्ती) संपलेला असायचा. मोठ्या संकटासाठी म्हणून तिने आयर्नबार्क राखून ठेवलं. आयर्नबार्क हे ड्रुइडचं दुसऱ्यावर टाकायचं कवच, ज्याच्यावर पडतं त्याला १२ सेकंद २० टक्के मार कमी बसतो. ते मोठं संकट तिच्या लेखी कधीच आलं नाही. आणि तिसरं, ती बोलायची थांबली. सुरुवातीला "माना नाही, एक मिनिट" असं ती सांगायची. नंतर तेही बंद झालं. खेळायच्या दिवशी दुपारीच तिचा मेसेज यायचा, "आज माझ्याऐवजी कुणी मिळतंय का बघा ना."

बाकीचे तिला धीर द्यायचे. "टेन्शन नको घेऊस गं." "जमेल तुला." मनापासून म्हणायचे, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे काम मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः काम फत्ते केल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, दुसऱ्यांनी बोलून दिलेला भरवसा, आणि त्या वेळची शरीराची-मनाची अवस्था. यातलं सगळ्यांत वजनदार पहिलं. तिसरं त्यामानाने लेचंपेचं, आणि लगेचच अपयश पदरी पडलं तर ते विरूनही जातं. इथे गट तिला तिसरं देत होता आणि पहिलं दर बोळात हिरावून घेत होता.

दरम्यान वॉरलॉकने चौघांचा वेगळा चॅट ग्रुप काढला होता. तिला वगळून. विषय एकच: हीलरचं काय करायचं.

लॉगमध्ये काय दिसलं

मी त्यांच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, नव्या खेळाडूंना भूमिका शिकवायचं काम बघतो. हंटरने लॉग माझ्याकडे पाठवले ते "हिला काही टिप्स देता येतील का" असं विचारत. हा खेळ लढाईची नोंद फाइलमध्ये लिहून देतो: कुणी किती मार दिला, कुणाला कशाचा मार बसला, कोणता मंत्र कुणी तोडला, कुठलं कौशल्य कधी वापरलं. ती फाइल निवांत वाचली तर व्हॉइसवरच्या आठवणींपेक्षा बरंच वेगळं चित्र निघतं.

पहिली गोष्ट इंटरप्टची. शत्रूचा मंत्र अर्ध्यात तोडायचं कौशल्य या गटात चौघांकडे होतं, फक्त हीलरकडे नव्हतं. शमनचं दर १२ सेकंदांनी तयार होणारं, वॉरियरचं १५, हंटर आणि वॉरलॉकचं २४. चौघांनी मिळून वापरलं तर तीन मंत्रवाले आवरता येतात. प्रत्यक्षात पहिल्या मंत्रावर दोघं-तिघं एकदम तुटून पडायचे आणि पुढचे बोल्ट मोकळे सुटायचे. वॉरलॉकचं इंटरप्ट त्याच्या पाळीव राक्षसाकडून होतं. ते तर जवळपास वापरातच नव्हतं.

दुसरी दादाची. वॉरियरकडे शील्ड वॉल असते, ८ सेकंद ४० टक्के मार कमी करणारी. तो मेला त्यातल्या बहुतेक वेळी ती तयार होती आणि दाबलेली नव्हती. म्हणजे टँक आणि हीलर दोघंही आपापलं शेवटचं अस्त्र राखून बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा त्याचं वापरेल.

तिसरी, जमिनीवरच्या डबक्यांतून आणि टाळता येण्याजोग्या फटक्यांतून बसलेला मार. यात वॉरलॉक आणि शमन खूपच पुढे होते.

हीलरची पाटी कोरी होती असं अजिबात नाही. वाया गेलेली हील आणि न वापरलेलं आयर्नबार्क लॉगमध्ये ठळक होतं. वळणावर ती नेहमी चार पावलं मागे राहायची, तेही. पण सातव्या पातळीला अनुभवी हीलरनेही तो मार कसाबसाच भरून काढला असता. ‘मला हे झेपत नाहीये’ हे तिचं निदान बरोबर होतं. त्याचं कारण तिने स्वतःत शोधलं, तिथे चूक होती.

हे इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सुटलेल्या इंटरप्टची पडद्यावर काही खूण उरत नाही. न दाबलेल्या शील्ड वॉलचीही नाही. रिकामी झालेली पट्टी मात्र पाचही जणांना दिसते, आणि ती पट्टी भरणं हे हीलरचं काम. शिवाय गटात ‘माझं चुकलं’ म्हणणारी एकच व्यक्ती होती. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा चांगलं काम करणाऱ्या पथकांमध्ये औषधांच्या चुकांची नोंद उलट जास्त आढळली. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणाने बोलत होती, हे त्यामागचं कारण निघालं. पुढे १९९९ च्या लेखात त्यांनी पथकातल्या या मानसिक सुरक्षिततेची मांडणी केली. या गटात उलट चित्र होतं. चुकांची वही होती, तिच्यात एकाच हस्ताक्षरातल्या नोंदी होत्या.

समोरचे पर्याय

चौघांच्या त्या गुपचूप ग्रुपमध्ये पहिला पर्याय आला तो हीलर बदलण्याचा. गट जमवायच्या यादीतून कुणी अनोळखी घ्यायचा, गुण बघून. खेळातच प्रत्येकाचे मिथिक प्लसचे गुण दिसतात, त्यामुळे असा माणूस शोधणं सोपं. वॉरलॉकचा याला जोर होता. हंटर आणि शमनला मैत्रिणीला काढणं पटत नव्हतं. दादा काहीच बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा सगळ्यांनी आपापल्या सोयीचा अर्थ लावला.

दुसरा पर्याय शमनचा. शमनलाही हील करता येतं. त्याने रेस्टोरेशन घ्यायचं आणि तिने पुन्हा बॅलन्स. कागदावर हा सगळ्यांत शहाणा पर्याय दिसतो. मी त्याच्या विरोधात होतो आणि अजूनही आहे. इंटरप्ट तसेच सुटत राहिले असते आणि दोन आठवड्यांत दादाचं "हील?" शमनला ऐकू आलं असतं. वर तिच्यापुरता निकाल कायमचा लागला असता की तिला जमलं नाही.

तिसरा, पातळी खाली आणून सराव करायचा. चौथा, तिने एकटीने फॉलोअर डन्जनमध्ये सराव करायचा. जानेवारी २०२४ पासून या खेळात संगणकाने चालवलेल्या साथीदारांबरोबर काही डन्जन खेळता येतात. बटणं हाताखाली बसवायला ही सोय उत्तम आहे. पण ते साथीदार बोळात वळून खांबाआड जात नाहीत आणि "हील?" असंही विचारत नाहीत. तिची अडचण बटणांची राहिलेली नव्हती.

पाचवा, लॉग सगळ्यांनी मिळून बघायचा.

हंटर आणि शमनने तिसरा आणि पाचवा घेतला. इतपर्यंत ठीक होतं.

काय केलं

लॉगचा कार्यक्रम एका खेळायच्या संध्याकाळी व्हॉइसवर झाला. हंटरने पडदा शेअर केला आणि मृत्यू एकेक करून उघडले. हीलर आणि दादा दोघांनाही आधी काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्या मृत्यूला हंटर म्हणाला, "दादा, इथे शील्ड वॉल होती." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला वॉरलॉकने हसत म्हटलं, "अरे दादाच मारतोय आपल्याला!" दादा म्हणाला, "बरं, मग तुम्हीच टँक करा," आणि निघून गेला. पुढे जवळजवळ तीन आठवडे तो खेळायला आला नाही.

हीलरला त्या संध्याकाळी हायसं वाटलं असेल असा माझा अंदाज होता. तिने नंतर सांगितलं ते वेगळंच. "माझ्यामुळे दादाचा अपमान झाला असं वाटलं मला. आधी नुसतं खेळायला यायचं नव्हतं, आता बोलायलाही यायचं नव्हतं." त्याच सुमारास शमनच्या तोंडून चौघांच्या ग्रुपचा उल्लेख निघाला आणि तेही तिला कळलं.

गट इथेच फुटायचा. वाचला तो शमनमुळे. त्याने दादाला फोन केला आणि लॉगचा विषय काढलाच नाही. त्याने एवढंच विचारलं की वळणावर हीलर मागे राहते, तर तुझ्या बाजूने काय केलं तर बरं पडेल. दादा बोलता झाला. खांबाआड जाण्यामागे त्याचं कारण होतं: मंत्र टाकणारे शत्रू लांबून मारतात, नजरेच्या रेषेबाहेर गेलं की ते जवळ येतात आणि सगळे एका जागी गोळा होतात. टँकची ही नेहमीची युक्ती आहे आणि चांगली आहे. फक्त हीलरला ती आधी माहीत हवी, म्हणजे ती टँकच्या पुढेच त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहील. इतक्या दिवसांत हे वाक्य कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं.

दादा परतल्यावर गट पाचव्या पातळीला उतरला आणि तीन गोष्टी ठरल्या.

इंटरप्टची वाटणी झाली. खेळात शत्रूंच्या डोक्यावर खुणा लावता येतात. कवटी शमनची, फुली दादाची, चंद्र हंटरचा, आणि हंटरचं तयार नसेल तर वॉरलॉकचा. ज्याची खूण त्याने "माझी" म्हणायचं, चुकली तर "सुटली" म्हणायचं. या "सुटली"ने मोठं काम केलं. बोल्ट येतोय हे हीलरला पट्टी खाली जाण्याआधीच कळायला लागलं, आणि चुकल्याचं बोलणारे एकाचे चार झाले.

मोठ्या बचावांची जागा आधीच ठरली. कुठल्या ओढीला शील्ड वॉल, कुठल्या ओढीला आयर्नबार्क, बॉसच्या कोणत्या फटक्याला कुणाचं काय, हे सुरू करण्यापूर्वी बोलून घ्यायचं. संकट किती मोठं आहे हे धावपळीत ठरवायचं ओझं त्यामुळे दोघांवरून उतरलं. माझ्या मते सगळ्या बदलांत हा सगळ्यांत मोलाचा. घाबरलेला माणूस अस्त्र राखूनच ठेवतो. त्याला ‘हिंमत कर’ म्हणून काही होत नाही, ‘दुसऱ्या दरवाजापाशी टाक’ म्हटलं की तो टाकतो.

तिसरं "थांब". हा शब्द कुणीही उच्चारला की दादाने पुढची टोळी ओढायची नाही; कारण विचारायचं नाही, द्यायचंही नाही. आधी हा अधिकार फक्त हीलरला द्यायचं चाललं होतं. दादाच म्हणाला, "तिला एकटीलाच दिला तर ती कधी वापरायची नाही. सगळ्यांना द्या." तसं केलं, आणि पहिल्या संध्याकाळी पहिलं "थांब" हंटरने म्हटलं, जवळपास मुद्दामच. तिसरं की चौथं हीलरचं होतं.

आणखी एक गोष्ट गंमत म्हणून ठरली आणि भलतीच उपयोगी पडली. एका संध्याकाळी भूमिकांची अदलाबदल. ड्रुइडला अस्वल होऊन टँकही करता येतं. तिने टँक केलं आणि दादाने आपलं धूळ खात पडलेलं प्रीस्ट हे दुसरं पात्र काढून हील केलं, अगदी खालच्या पातळीला. पाचच मिनिटांत दादा ओरडला, "अगं थांब, माना बघ ना माझा!" सगळे हसले, ती सोडून. तिने तेव्हाच हेरलं होतं की टँकच्या जागेवरून समोरच्या गर्दीशिवाय काही दिसत नाही. हीलरच्या मानाकडे मुद्दाम बघावं लागतं. "दादा दुर्लक्ष करत नव्हता, त्याला दिसतच नव्हतं," हे तिचं वाक्य. दादाच्या पडद्यावर त्यानंतर हीलरच्या मानाची पट्टी मधोमध, मोठी करून ठेवलेली असते.

परिणाम

सातवी पातळी वेळेत झाली, मग आठवीही. नववीवर गट पुन्हा अडला आणि बराच काळ अडलेलाच होता, पण आता अडण्याची कारणं बोलली जायची. वाया जाणारी हील कमी झाली. आयर्नबार्क ठरल्या जागी पडायला लागलं, आणि पुढे न ठरलेल्या जागीही. ती बोलते. मध्यंतरी तिने बॉसच्या आधी सगळ्यांना थांबवून वॉरलॉकची जागा बदलायला लावल्याचं मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं.

वॉरलॉक गेला. वरच्या पातळीच्या दुसऱ्या गटात. "थांब" मुळे घड्याळ वाया जातं हे त्याचं म्हणणं होतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं; पहिले काही आठवडे गट खरोखरच गरजेपेक्षा जास्त थांबत होता. त्याला वेगाने वर जायचं होतं, बाकीच्यांना एकमेकांबरोबर खेळायचं होतं. यात कुणी वाईट ठरत नाही, पण हा फरक सुरुवातीलाच उघडपणे विचारला असता तर चौघांचा ग्रुप निघायचं कारण उरलं नसतं.

अनोळखी लोकांच्या गटात ती अजूनही हील करायला जात नाही. हंटरच्या मते म्हणजे काम अर्धवटच झालं. मला तसं वाटत नाही. बँडुरांची मांडणीही या विश्वासाला विशिष्ट कामाशी आणि परिस्थितीशी बांधलेला मानते. एका ठिकाणी कमावला म्हणजे तो सगळीकडे आपोआप लागू होत नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली, "तिथे मी थांब म्हटलं तर थांबणार कोण?" टँक म्हणून मात्र ती अनोळखी लोकांबरोबर जाते. तिथे थांबायचं की नाही हे तिच्याच हातात असतं.

वेगळं काय करता आलं असतं

लॉग दादाला आधी एकट्याला दाखवायला हवा होता. हंटरचं म्हणणं असं की मग दादाने तो दाबून टाकला असता. शक्य आहे. पण ज्याला सगळे दादा म्हणतात त्याच्या चुका सगळ्यांसमोर पहिल्यांदा उघडल्या तर तो त्या बघत नाही, बघणाऱ्यांकडे बघतो. एकाच्या डोक्यावरचं खापर उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं गेलं, आणि गट महिनाभर मागे गेला. शिवाय सुरुवात हंटरने स्वतःच्या सुटलेल्या इंटरप्टपासून केली असती तर सगळ्या संध्याकाळचा सूर बदलला असता. त्याचे सुटलेलेही कमी नव्हते.

चौघांच्या ग्रुपबद्दल फार लिहायला नको. तो काढणं चूक, आणि काढल्यावर तो तिच्यापासून लपवून ठेवणं त्याहून चूक. हंटर आणि शमन त्यात तिची बाजू घेत होते, पण तिला कळल्यावर त्या बाजू घेण्याची किंमत शून्य झाली.

अदलाबदलीची संध्याकाळ सगळ्यांत शेवटी आली. ती लॉगच्या आधी व्हायला हवी होती. लॉग जे आकड्यांत सांगून भांडण लावून गेला, त्यातलं निम्मं प्रीस्टच्या रिकाम्या मानाने हसत-खेळत सांगितलं असतं. ज्या गटात ड्रुइड किंवा पॅलाडिन आहे, म्हणजे टँक, हील, डीपीएस तिन्ही करू शकणारं कुणी आहे, तिथे हे करायला काहीच लागत नाही.

पाचव्या पातळीला उतरण्याबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. तिथे नव्या सवयी बसवायला उसंत मिळाली हे खरं. पण त्या पातळीला मार इतका हलका की इंटरप्ट सुटला तरी काही बिघडत नव्हतं, आणि दोन आठवड्यांत "माझी", "सुटली" म्हणणं ढिलं पडायला लागलं. सहावीवर थांबले असते तर चुकांना थोडा डंख राहिला असता.

वॉरलॉकच्या जागी आता नवा मेज (जादूगाराचं पात्र खेळणारा) आला आहे. त्याला घेताना गुण पाहिले, गिअर (पात्राची शस्त्रं-चिलखत) पाहिलं, आणि हीलरने दोन प्रश्न विचारले: तुझं इंटरप्ट किती सेकंदांनी तयार होतं, आणि वेळेत नाही झालं तर तुला किती राग येतो. पहिल्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. दुसऱ्याला तो म्हणाला, थोडा येतो. घेतला.